दोन चौकटींच्या मधे

जेवणाचं टेबल मांडलेलं आहे. आई बसली आहे, टकल्या आणि जाड मिशांचा बाप बसला आहे, पोराची जागा रिकामी. बाप त्याला बोलवायला उठतो. पोरगं जमिनीवर पालथं पडून पुस्तकात बुडालेलं. बाप त्याला तिथून उठवतो आणि जेवायला पिटाळतो. आता पोरगं येऊन बसलं, तर बाप गायब. पोरगं पुन्हा आत जातं. बघतं तर बाप जमिनीवर पालथा पडलाय, पाय तसेच मागे, आणि तेच पुस्तक वाचतोय.

गोष्ट एवढीच. त्यात कुणी एक शब्द बोलत नाही. पुस्तक कसलं होतं तेही आपल्याला कळत नाही, आणि कळलं असतं तर गंमत निम्मी झाली असती. प्रत्येकाच्या मनात ते पुस्तक वेगळं असतं. माझ्या मनात ते नेहमी वेताळाचं कॉमिक असतं. लहानपणी जळगाव स्टेशनवर गाडी उशिरा आहे असं कळलं की बाबा स्टॉलवरून घेऊन द्यायचे, तसलं इंद्रजालचं, पातळ, रंगीत.

ही चित्रकथा एरिश ओझर या जर्मन चित्रकाराची. बाप-लेकाची ही मालिका १९३४ ते १९३७ या काळात बर्लिनच्या एका साप्ताहिकात येत असे. खाली सही असायची ती टोपणनावाची, कारण स्वतःच्या नावाने छापायची त्याला सोय उरली नव्हती. नाझी सत्तेवर येण्याआधी त्याने हिटलर आणि गोबेल्सवर बोचरी व्यंगचित्रं काढली होती. सत्ता आल्यावर त्याचं काम बंद झालं. मग राजकारणाला हात लावायचा नाही या अटीवर, लहानपणी ज्या गावात वाढला त्या प्लाउएनचं नाव लावून त्याने हा बाप आणि हा लेक उभा केला. दोघं एकमेकांच्या खोड्या काढतात, एकमेकांसाठी मार खातात, रडतात आणि क्षणात विसरतात. सगळा देश भोंग्यांवरच्या भाषणांनी दणाणत असताना त्याची माणसं गप्प राहून लोकांना हसवत होती. १९४४ मध्ये खासगीत केलेल्या सरकारविरोधी बोलण्याची कुणीतरी चुगली केली आणि त्याला अटक झाली. खटला उभा राहायच्या आधीच त्याने कोठडीत जीव दिला. हे वाचल्यापासून मला त्याच्या चित्रांतली शांतता वेगळीच ऐकू येते.

आता पुन्हा त्या टेबलाकडे. बापाने पोराला उठवलं आणि पोरगं टेबलाशी येऊन बसलं, या दोन चित्रांच्या मधे काय घडलं? कागदावर तिथे बोटभर पांढरी पट्टी आहे. पण ती पट्टी ओलांडताना आपण सगळं बघून घेतलेलं असतं. बाप ते पुस्तक उचलून ठेवायला खाली वाकला. नजर सहज पानावर गेली. एक ओळ, मग दुसरी. गुडघा टेकला, मग कोपर टेकलं. यातलं काहीही ओझरने काढलेलं नाही. ते आपण काढलं, त्याच्या पैशाने आणि आपल्या डोक्यात. चित्रकथेचा खरा कारखाना या पट्टीत आहे असं मला वाटतं. चौकटीत काय घालायचं ते हाताला येतं, सरावाने येतं. पट्टीत काय टाकून द्यायचं, हे ज्याला कळलं तो मोठा.

त्यातही बारकावे असतात. टेबल त्याच जागी, त्याच कोनातून काढलेलं असतं, म्हणून आपली नजर आपोआप फरक शोधते: मघाशी इथे कोण होतं, आता कोण नाही. चित्रकाराने हौसेने प्रत्येक वेळी कोन बदलला असता, एकदा वरून, एकदा खिडकीतून, तर रिकामी जागा आपल्याला दिसलीच नसती. न बोलणाऱ्या गोष्टीत जे बदलत नाही तेच जास्त बोलतं. बाप पालथा पडतो तो नेमका पोरासारखा, पाय तसेच. तो जरा वेगळा पडला असता, कुशीवर म्हणा, तर ते नुसतं एक वाचणारं माणूस झालं असतं. तसाच पडल्यामुळे त्याचं वय गळून पडतं. हे शब्दांत सांगायला मला एवढी वाक्यं लागली. त्याला लागले दोन पाय.

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पारोळा तालुक्यातल्या तिच्या गावात तिच्या वेळी मुलीला शाळेत घालायची पद्धतच नव्हती. श्रावण लागला की बाजारातून जिवतीचा कागद यायचा आणि देवाजवळच्या भिंतीवर लागायचा. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी: एकाच कागदावर चौकटी पाडलेल्या. वर एकीकडे खांबातून निघालेला नरसिंह आणि हात जोडलेला प्रह्लाद, दुसरीकडे कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण. मधे जिवत्या, अंगाखांद्यावर लेकरं घेतलेल्या. खाली बुध आणि बृहस्पती, एक हत्तीवर, एक वाघावर. आजी आम्हा नातवंडांना पुढ्यात घेऊन त्या कागदावर बोट फिरवत एकेक गोष्ट सांगायची. कागदावर नरसिंहाची गोष्ट एकाच क्षणाची आहे. पण तिच्या बोटाला आधीचं सगळं माहीत होतं, आणि पुढचंही. बहिणाबाई चौधरींच्या मुलखातल्या बाईला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. अक्षर येत नाही म्हणजे वाचता येत नाही, असं ज्याला वाटतं त्याने आमच्या आजीला चित्र दाखवायला हवं होतं.

बाबा दिवाळी अंक आणायचे. त्यातल्या ओळी असलेल्या व्यंगचित्रांकडे आजी बघायची नाही. बिनशब्दांची असली की अंक मागून घ्यायची, उन्हाकडे तोंड करून बसायची आणि उजवीकडच्या चौकटीवर हात ठेवायची. आधी डावीकडची पुरी बघायची. मग मला विचारायची, ‘आते काय व्हई?’ आणि माझ्या उत्तरावर खूश झाली तरच हात काढायची.

एक चित्रकथा आठवते. कुणाची होती ते आता सांगता येत नाही. पहिल्या चौकटीत एक गृहस्थ छत्री घेऊन दुकानातून बाहेर पडतो. दुसरीत धो धो पाऊस. तिसरीत तो घरी पोचलाय, नखशिखांत भिजलेला, आणि मिटलेली छत्री काखेत. मी हसलो, पान उलटणार, तर आजीने अंक धरून ठेवला. ‘नवी शे ती छत्री,’ ती म्हणाली. पहिल्या चौकटीत छत्रीच्या मुठीला दोऱ्याने बांधलेली किमतीची चिठ्ठी होती. तिसऱ्या चौकटीतही होती. तो माणूस छत्री उघडायला विसरला नव्हता. नवी छत्री भिजू नये म्हणून त्याने ती जपली होती, काखेत धरून. सणाची लुगडी ट्रंकेत घडी न मोडता ठेवणाऱ्या बाईला ते एका नजरेत कळलं. चित्रकाराने ती चिठ्ठी काही उगाच काढलेली नव्हती. ती बघणाऱ्या डोळ्याची वाट बघत तो बसला असणार.

शब्द नसले की वाचणाऱ्याला थांबावं लागतं, त्याचा हा फायदा. बोलण्याचा फुगा दिसला की डोळा आधी फुग्यावर जातो, मजकूर वाचतो, चित्रावरून नुसता घसरतो आणि पुढे पळतो. मला स्वतःला ज्या व्यंगचित्रांत राक्षसाच्या पोटावर ‘महागाई’ आणि पुढाऱ्याच्या कोटावर त्याचं नाव लिहावं लागतं ती आवडत नाहीत. तिथे चित्र मजकुराचं हमाल होतं. माझं हे मत काही जणांना टोकाचं वाटेल, पण आहे.

मराठीत बिनशब्दांच्या चित्राला मानाची जागा मिळवून देणारं पहिलं नाव घ्यायचं तर शि. द. फडणीस. १९२५ चा जन्म. त्यांची माणसं आपल्या घरातली असतात, सदरा-धोतर आणि नऊवारी-पाचवारीतली, आणि वस्तूही घरातल्याच. पण त्या वस्तू मधेच आपला धर्म सोडतात आणि माणसं त्याला सरावलेली असतात, म्हणून हसू येतं. रेघ इतकी स्वच्छ की पुसून काढायला काही उरलेलंच नाही. चित्राखाली ओळ नाही म्हणून ते चित्र परदेशातल्या माणसालाही कळतं, असं नेहमी म्हणतात. मला त्याहून मोठं वाटतं ते हे की ते आमच्या आजीला कळायचं.

‘आवाज’ हा दिवाळी अंक मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केला. त्यातली खिडकी-चित्रं आमच्या गावच्या सलूनमध्ये हातोहात फिरायची. कागदाला खिडकी कापलेली. त्यातून आतलं काहीतरी दिसतं, मनात भलतंच येतं, पान उलटलं की निघतं निराळंच. त्या चित्रांबद्दल लोक चावटपणाच्या अंगाने बोलतात, आणि तो होताच. पण रचना म्हणून बघा. ती दोन चौकटींची चित्रकथा आहे आणि मधली पांढरी पट्टी म्हणजे पान उलटणारा तुमचा हात. गोष्ट पुढे न्यायला वाचकाला प्रत्यक्ष अंग हलवावं लागतं. त्या वेळी सलूनमधल्या बाकावर बसलेल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्याच्या कोटातला आणि धोतरातला माणूसही १९५१ पासूनचा. त्या चित्रांत मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, त्याची बायको तर भरपूर बोलते. तो बोलत नाही. सगळ्या बोलणाऱ्यांच्या कोपऱ्यात एक न बोलणारा उभा केला की वाचक आपोआप त्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो, कारण वाचकालाही त्या खोलीत कुणी काही विचारलेलं नसतं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये आला तेव्हा घरातली मोठी माणसंही पेपर हातात आला की आधी तो शोधायला शिकली. चिंटू बोलका. पण मला त्यातल्या त्या चौकटी आवडत जिथे शेवटी कुणीच काही म्हणत नाही, चिंटू नुसता आपल्याकडे बघतो. त्या बघण्यातच उत्तर असतं.

खानदेशचा माणूस हा विषय काढेल आणि चाळीसगावच्या छायाचित्रकार केकी मूस यांच्याबद्दल बोलणार नाही, हे होऊ शकत नाही. १९१२ ते १९८९ असं त्यांचं आयुष्य. त्यातली कित्येक दशकं त्यांनी स्टेशनजवळच्या आपल्या घरात स्वतःला जवळजवळ कोंडून घेऊन काढली. आणि त्या घरातल्या टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून, त्यांच्यावर प्रकाश पाडून, फोटोत मोठाली दृश्यं उभी केली. टेबलटॉप म्हणतात त्याला. बाहेर न पडणारा माणूस टेबलाएवढ्या जागेत जग मांडतो आणि फोटो बघणाऱ्याला ते पटतं. त्यासाठी काय दाखवायचं यापेक्षा काय चौकटीबाहेर ठेवायचं हे किती नेमकं कळायला हवं, याचा विचार केला की माझी मान खाली जाते. टेबलाची कड एक इंच जरी दिसली असती तरी सगळं कोसळलं असतं.

मी चित्रकला शिकवतो. मधली काही वर्षं चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेत होतो. मुलं बहुतेक पावरा समाजाची. घरी पावरी बोलणारी, शाळेत मराठी ऐकणारी. पहिल्या वर्गातल्या मुलाच्या दृष्टीने मराठीचं पुस्तक म्हणजे परक्या गावातला बाजार: सगळे काहीतरी ओरडतायत आणि आपल्याला कुठे वळायचं ते कळत नाही. मला पावरी येत नव्हती. त्यामुळे आमचा व्यवहार फळ्यावर चालायचा.

मी चार चौकटी आखायचो, तीन भरायचो आणि खडू मुलांकडे द्यायचो. पहिले काही दिवस मुलं चौथ्या चौकटीत तिसरीच काढायची, जरा मोठी. मग एकदा एका मुलाने चौथी चौकट नुसती रिकामी ठेवली, आणि खाली जमिनीची रेघ काढली. बाकीची मुलं हसली, खरोखर पोट धरून हसली. बकरी पळून गेली होती. त्या दिवसानंतर मला त्या वर्गाला पट्टी म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही.

त्यांच्यातल्या एका मुलीची चार चौकटींची गोष्ट मी जपून ठेवली आहे. ती शाळेत यायच्या आधी आई-बापाबरोबर ऊसतोडीला जात असे. पहिल्या चौकटीत कुडाचं घर, बाजूला पानांनी भरलेलं मोहाचं झाड, दारात फ्रॉकातली मुलगी. दुसरीत ट्रक. त्यात माणसं, भांडी, गाठोडी, आणि फळीच्या वर तिचं फक्त डोकं. तिसरीत पाचटाची कोपी, चहूकडे ऊस. ऊस तिने नुसत्या उभ्या रेघांनी काढला होता, चौकटीच्या कडेपर्यंत, इतका दाट की आभाळाला जागाच नाही. चौथीत पुन्हा तेच घर, त्याच जागी. मोहाला एक पान नाही, खाली फुलांचे ठिपके. दारात तीच मुलगी, त्याच फुलाफुलांच्या फ्रॉकात, पण पहिल्या चौकटीत पोटरीपर्यंत असलेला फ्रॉक आता गुडघ्याच्या वर गेलेला.

मी म्हटलं, ‘हा छोटा झाला का गं काढताना?’ तिने मान हलवली. तिने बोट फ्रॉकवर नाही, मुलीच्या डोक्यावर ठेवलं. डोकं दाराच्या चौकटीत जरा वर आलं होतं.

दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि होळीला, भोंगऱ्या बाजाराच्या आसपास, माणसं जमेल तशी परत येतात. तेवढ्या काळात मूल वाढतं आणि फ्रॉक वाढत नाही. ऊसतोडीवर मी पुष्कळ वाचलंय, अहवाल वाचलेत, भाषणं ऐकलीत. तो गुडघ्यावर गेलेला फ्रॉक यातल्या कशात नव्हता. तिला कुणी काळ कसा दाखवायचा ते शिकवलं नव्हतं. घर हलवायचं नाही, झाड आणि कापड बदलायचं, हे तिचं तिने शोधलं.

शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचं ‘द अरायव्हल’ हे २००६ चं पुस्तक मी नंतर पाहिलं. एक माणूस घर सोडून परक्या देशात पोट भरायला जातो, पुस्तकभर एकही वाचता येणारा शब्द नाही. त्या देशातल्या पाट्यांवरची लिपीसुद्धा चित्रकाराने स्वतः तयार केलेली, कुणालाच न येणारी. म्हणजे पुस्तक बघणारा प्रोफेसर असो की हमाल, त्या शहरात तो अडाणीच. मला ते बघताना सारखा आमचा पहिलीचा वर्ग आठवत होता. पाट्या न वाचता येणं म्हणजे काय असतं हे शिकल्या-सवरलेल्या माणसाला अंगावर अनुभवायला लावणं शब्दांना जमलं नसतं. शब्द वाचता आले की तो अनुभव तिथेच संपतो.

त्या मुलांना घेऊन आम्ही अजिंठ्याला गेलो. चोपड्याहून तापी ओलांडून जळगाव, पुढे नेरी, पहूर, फर्दापूर. लेणी जिल्ह्याच्या हिशेबाने आमची नाहीत, शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. पण ती ज्या वाघूर नदीच्या वळणावर कोरली आहेत ती वाघूर खाली उतरून खानदेशात येते आणि जळगाव शहर तिच्याच धरणाचं पाणी पितं. तेव्हा आम्हाला ती आपलीच वाटतात. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीवर असताना ती दिसली, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. खालच्या गावांतल्या गुराख्यांना ती त्याआधीही दिसत असणारच.

सोळा आणि सतरा क्रमांकाची लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. सतरामध्ये विश्वंतराची गोष्ट भिंतभर पसरली आहे. मागेल त्याला देऊन टाकणारा हा राजपुत्र. हत्ती देतो म्हणून त्याला वनवास मिळतो, मग घोडे देतो, रथ देतो, पोटची मुलं देतो, शेवटी बायकोही देतो. या भिंतीवर चौकटी नाहीत. एक प्रसंग संपतो तिथे खांब येतो, दरवाजा येतो, झाड येतं किंवा खडक येतो, आणि त्याच्या पलीकडे तोच राजपुत्र पुन्हा उभा. आमच्यातल्या एकाने विचारलं, ‘सर, हाच माणूस परत परत का काढला?’ मी तोंड उघडायच्या आत त्याच्या शेजारच्याने सांगितलं, ‘तो चालतोय.’ बरोबर होतं. पट्टीच्या जागी झाड, एवढाच फरक. आणि गंमत अशी की भिंतीवरच्या गोष्टी डावीकडून उजवीकडे सरळ जातीलच असं नाही. राजवाड्यातले प्रसंग बऱ्याचदा एकीकडे गोळा केलेले, रानातले दुसरीकडे. तारखेपेक्षा जागेला मान. एखाद्या घरात काय काय घडलं हे आठवताना आपलं मनही असंच चालतं.

सोळा हे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिलेलं लेणं. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ लागतो. तिथल्या एका चित्राला लोक मरणासन्न राजकन्या म्हणतात. उंची पोशाखातली एक स्त्री खचून गेली आहे. मान एका बाजूला कललेली, डोळे अर्धे मिटलेले, बोटांतला जीव गेलेला. मागून एका दासीने तिला सावरलंय. एक पंखा घालतेय. आजूबाजूच्या बायकांच्या चेहऱ्यांवर काळजी आहे, पण नेमकं झालंय काय ते कोणत्याच चेहऱ्यावरून कळत नाही.

मी मुलांना काही सांगितलं नाही. मार्गदर्शकालाही जरा थांबायला सांगितलं. मुलं कठड्याशी उभी राहून बघत राहिली. आजारी आहे, एक म्हणाली. तिला मारलंय, दुसरा म्हणाला. जखम कुठेय, तिसऱ्याने विचारलं. मग मागून पुढे घुसलेला एक बारका मुलगा, जो वर्गात कधी बोलायचा नाही, त्याने हात वर केला आणि जवळ उभ्या असलेल्या एका पुरुषाकडे दाखवलं. त्या पुरुषाच्या हातात मुकुट आहे.

‘सर, ही टोपी कुणाची? ज्याची आहे तो कुठेय?’

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. कारण सगळी गोष्ट त्या मुकुटात आहे. हा नंद, गौतम बुद्धांचा सावत्र भाऊ. ही त्याची बायको, सुंदरी. नंदाने भिक्षू व्हायचं ठरवलं, किंवा खरं तर तो त्या वाटेवर ओढला गेला, आणि त्याने उतरवलेला मुकुट घेऊन सेवक घरी आला आहे. सेवकाला बोलावं लागलेलं नाही. डोक्याशिवाय आलेला मुकुट तिने पाहिला आणि ती कोसळली. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला नंद दाखवता आला असता, मुंडन दाखवता आलं असतं. या प्रसंगात त्याने तो माणूसच गाळला आणि त्याची वस्तू ठेवली. ओझरच्या टेबलाशी जी रिकामी जागा आहे, तीच ही.

मार्गदर्शकाने मग त्या मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर मुलं त्याच्या तोंडाकडे न बघता भिंतीकडेच बघत होती. तो बोलत होता त्यातला एकेक भाग ती चित्रात शोधत होती.

परतीच्या बसमध्ये मी बाकीचं सांगितलं. बुद्ध नंदाच्या दारी आले, जाताना त्यांनी भिक्षापात्र त्याच्या हातात दिलं. थोरल्या भावाचं पात्र परत कसं द्यायचं या संकोचाने नंद मागे मागे चालत राहिला आणि विहारापर्यंत पोचला. यावर बसमध्ये मोठं भांडण झालं. मुलींचं म्हणणं, त्याने निदान सांगून तरी जायचं. मुलांतले काही म्हणत होते, पात्र रस्त्यात ठेवून पळता आलं असतं. पहूरच्या पुढेपर्यंत हे चाललं होतं. कंडक्टरनेही मधे आपलं मत दिलं आणि तो मुलींच्या बाजूचा निघाला.

नंतरच्या तासाला मी फळ्यावर काही काढलं नाही. कागद वाटले आणि पुढची चौकट काढा म्हटलं. कुणी नंदाला परत आणलं, डोक्यावर एकही केस नसलेला, दाराबाहेर उभा. कुणी मुकुट एकटाच काढला, खुंटीला टांगलेला. बारक्याने सेवक काढला, मान खाली घातलेला, रिकाम्या हाताने घरी चाललेला. त्या बिचाऱ्याचाही विचार कुणीतरी करायला हवा होता. फ्रॉकवाल्या मुलीने सुंदरी काढली, पण बसलेली नाही, चालणारी. डोक्यावर गाठोडं, पुढे रस्ता. ही कुठे निघाली म्हणून विचारलं तर म्हणाली, त्याला आणायला. मग कागद परत ओढून घेतला आणि गाठोड्यात खोचलेला तो मुकुट काढायचा राहिला होता, तो काढून दिला.